फ्रिजवरच्या चार ओळी

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, हे कळलं की लोक साधारण तीन प्रश्न विचारतात. पहिला कायद्याचा. असं चालतं का? दुसरा परीक्षेचा. मग दहावीचं काय? तिसरा प्रश्न मात्र लगेच येत नाही. ओळख जरा वाढली, एखादा चहा झाला की समोरची बाई आवाज थोडा खाली आणून विचारते, "पण ऐकतात का हो तुमचं? आमचा तर साधा होमवर्क म्हटला की घर डोक्यावर घेतो."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन देऊन मला पाठ झाली आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याबद्दल कायदा एक शब्द बोलत नाही. त्या न बोललेल्या जागेत आमच्यासारखी घरं राहतात. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, म्हणजे एनआयओएस. १९८९ साली सुरू झालेलं. १४ वर्षं पूर्ण झाली की नाव नोंदवता येतं, किमान पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी. शिवाय राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच, जो आपल्याकडे कितीतरी कामगारांनी आणि लग्न झालेल्या बायकांनी भरलेला आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर पिंपळे गुरवला. पवना ओलांडली की कासारवाडी आणि नाशिक फाटा, तिथून पुढे भोसरीची एमआयडीसी. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं चाकण, भोसरी नाहीतर हिंजवडीच्या बसला लटकलेली. माझा नवरा चाकणला एका कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी स्वतः नऊ वर्षं भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला होते. घरात सासूबाई, थोरली मुलगी आता तेरा वर्षांची आणि धाकटा दहाचा.

२०२० साली शाळा मोबाइलमध्ये आली तेव्हा थोरली आठ वर्षांची होती. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा आम्ही तिला परत पाठवलं नाही आणि धाकट्याला घातलंच नाही. त्यामागे फार मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बाप मध्यरात्री घरी येणार, मुलं सकाळी पावणेसातला बाहेर पडणार आणि ती परत येतील तोवर बाप कामाला गेलेला असणार. रविवारपर्यंत भेट नाही. लॉकडाऊनमध्ये ही माणसं एकमेकांना भेटली होती. ते सोडवेना. त्यात थोरली स्वतःहून वाचत होती, मी घरी होते, आणि पुण्यात असं करणारी आणखी काही घरं होती.

आता भांडणाचं. घरी शिकणाऱ्या मुलांच्या घरात वाद शाळेतल्या मुलांच्या घरापेक्षा जास्त होऊ शकतात आणि त्याचं कारण मुलं हट्टी असतात हे नव्हे. शाळेला घंटा असते. तास सुरू झाल्याची असते, संपल्याचीही असते. गणिताच्या बाई पस्तीस मिनिटं अपेक्षा ठेवतात, मग वर्गातून निघून जातात. आई कुठे जाणार? सकाळी अपूर्णांक शिकवणारी बाई तीच, दुपारी ताट वाढणारी तीच, रात्री अंगावर पांघरूण घालणारीही तीच. अपूर्णांकाचा राग ताटापर्यंत येतो आणि ताटावरून पांघरुणापर्यंत. मुलाला तर सुटीच नाही, कारण शाळा समोर भाजी चिरत बसलेली आहे.

दुसरं असं, की घरच्या शाळेतल्या आईला किती अभ्यास म्हणजे पुरे, हेच कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, ते मला या बाबतीत फार उपयोगी पडलं. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, अशी किमान मर्यादा त्यात आहे. म्हणजे लहान मुलांना दिवसाला चार तास. प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. चार तासांची २४० मिनिटं, तिसांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला आठ. वर्गात मूल बाकीच्यांकडून, फळ्याकडून, गोंधळातूनही शिकतं, त्यामुळे हा हिशोब शिक्षकांना कमी लेखायला नाही. पण एका मोठ्या माणसापुढे दोनच मुलं असतील तर मन लावून केलेला दीड तास पुष्कळ होतो, हे यातून दिसतं. प्रश्न उरतो तो बाकीच्या दिवसाचा. मुलाचा अभ्यास दीड तासात आटोपतो, आईची अपेक्षा मात्र रात्री दहापर्यंत चालूच राहते.

इथे मला माझी जुनी नोकरी आठवते. मशीनवर जो पार्ट बनतो त्याच्या ड्रॉइंगवर पन्नास-शंभर मापं असतात. त्यातली चार-पाच क्रिटिकल, खूण केलेली. ती ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा तपासायची. शंभरच्या शंभर मापांवर कुणी क्रिटिकलची खूण केली तर ऑपरेटर एकाकडेही नीट बघत नाही, आणि इन्स्पेक्टर दिवसभर गेज घेऊन त्याच्या डोक्यावर उभा राहतो. शिवाय प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो, अधिक इतकं, उणे इतकं. टॉलरन्स कुठेच लिहिला नाही तर पार्ट चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. शॉपमध्ये हे प्रत्येकाला माहीत असतं. घरी मुलांच्या बाबतीत मात्र सगळीच मापं क्रिटिकल असतात आणि टॉलरन्स शून्य.

आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. त्यावर चार ओळी आहेत.

गणित आठवड्यातून पाच दिवस, चाळीस मिनिटं. रोज वाचायचं, काय ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि आठवड्यातून एक पान लिहायचं, मराठीत किंवा इंग्रजीत. घरातलं एक काम पूर्णपणे आपलं. बाहेर जाऊन शिकायची एक गोष्ट, आणि ती सुरू केली की तीन महिने सोडायची नाही.

एवढंच. हा कागद चौघांनी बसून केला, सासूबाई पलंगावरून सूचना देत होत्या. मुलांनी आमच्या दोन ओळी खोडल्या. एक इंग्रजीत बोलण्याची होती, एक सकाळी सातला उठण्याची. धाकट्याला "सायकल" ही पाचवी ओळ हवी होती. सायकल तो न सांगताही चालवतो, मग ती अपेक्षा कशाला, असं त्याच्या बहिणीनेच त्याला समजावलं. दर तीन महिन्यांनी कागद नवा होतो.

या कागदाचा खरा उपयोग त्यावर जे नाही त्यासाठी आहे. अक्षर नाही. उठण्याची वेळ नाही. पसारा नाही. "शेजारचा बघ ऑलिम्पियाडला बसला" नाही. जे कागदावर नाही त्यावर बोलता येतं, सुचवता येतं, विनवता येतं. भांडता येत नाही. हा नियम मला लागू आहे, मुलांना नाही. आणि सांगते, पाळायला तो गणितापेक्षा अवघड आहे.

टॉलरन्सही कागदात आहे. रोज नव्हे, आठवड्यातले पाच दिवस. कुठले दोन सोडायचे ते मुलाच्या हातात. हिशोब रविवारी संध्याकाळी. धाकट्याने एकदा शुक्रवारपर्यंत दोनदाच गणित केलं होतं. शनिवारी नाट्यगृहात बालनाट्य होतं, निळू फुले रंगमंदिर आम्हाला चालत जाण्यासारखं आहे. ते बघून आला तो रात्री त्याचे संवादच म्हणत होता. रविवारी खाली क्रिकेटचा डाव मांडला गेला तेव्हा याचे तीन दिवस, म्हणजे दोन तास, बाकी. खालून पोरं हाका मारतायत आणि हा गॅलरीजवळच्या टेबलावर भागाकार करतोय. मी एक शब्द बोलले नाही. सोमवार ते शनिवार गप्प राहिलं तरच रविवारी गप्प राहता येतं. सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. "अगं, रोज एकदा ओरडलं असतंस तर पोराचा रविवार वाचला असता." त्यांचं म्हणणं हिशोबाने बरोबर होतं. फक्त त्यात माझे सहा दिवस गेले असते आणि त्याचेही.

घरातल्या कामाच्या ओळीत धाकट्याकडे कचरा आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, घंटागाडी यायच्या आत खाली. आमच्या शाळेतली ही एकमेव घंटा आणि ती महापालिका वाजवते. त्यामुळे यावरून आजवर वाद झालेला नाही. गाडी गेली तर बादली दिवसभर घरात राहते आणि वास सगळ्यांना येतो. अपेक्षेचा धनी आई सोडून दुसरं कुणी असेल तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात, हे मी घंटागाडीकडून शिकले. पोहण्याच्या तलावावरचे सर "उशीर झाला तर आत घेणार नाही" म्हणतात तेव्हा तो पावणेसहालाच टॉवेल घेऊन दारात उभा असतो. हेच मी म्हटलं असतं तर आमची चर्चा झाली असती.

असा आणखी एक बाहेरचा माणूस आम्हाला घरातच सापडला. सासूबाई बार्शीकडच्या, चौथी शिकलेल्या. त्यांना पाढे तर येतातच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी उतरंड तोंडपाठ आहे. माझ्याजवळ अपूर्णांक म्हटलं की तोंड फिरवणारा धाकटा त्यांच्याबरोबर भाजी आणायला जातो. साठ रुपये किलोची गवार, अडीच पाव. हा मोबाइल काढेपर्यंत आजी "साडेसदतीस" म्हणून मोकळ्या. त्याला ही जादू वाटली. आता तो त्यांच्याकडून अडीचकी शिकतोय, आणि पाव म्हणजे एक चतुर्थांश हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आजीची अपेक्षा कडक आहे, चुकलं की पहिल्यापासून. पण ती आजीची आहे, आईची नव्हे. म्हणून चालते.

नातेवाइकांच्या अपेक्षांचं काय करायचं, हा वेगळा विषय. २०१६ साली मुंबईच्या मालविका राज जोशी या मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. सातवीनंतर ती शाळेत गेली नव्हती, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, पण संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली होती. ती जुनी बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून वर्षातून एकदा येते, बहुतेक कुणाचा तरी दहावीचा निकाल लागला की. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण आमच्या मुलांपुढे त्यामुळे दोनच रस्ते उरतात, एमआयटी नाहीतर वाया जाणं. शाळेत जाणाऱ्या मुलाला साठ टक्के मिळवून साधं, बरं आयुष्य जगायची मुभा असते. घरी शिकणाऱ्याला तेवढीच असली पाहिजे. ही गोष्ट मी मुलांना बोलून दाखवलेली आहे, कारण न बोललेली अपेक्षा भिंतीतल्या ओलीसारखी असते, कुठून आत आली ते दिसत नाही.

घरी शिकवणं आणि त्यातून होणारा छळ, हे मराठी माणसाला नवं नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, ही गोष्ट आपण मुलींना अभिमानाने सांगतो. नवव्या वर्षी लग्न झालेल्या त्या मुलीला गोपाळरावांनी स्वतः शिकवलं. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या शिकवण्यातल्या माराची आठवण काढली आहे, लाकडाने मारल्याची, खुर्च्या आणि पुस्तकं फेकल्याची, सोडून जाण्याच्या धमकीची. आणि पुढे त्या जे म्हणतात त्यापाशी मी दर वेळी थांबते. ते वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असं त्या लिहितात. ज्यासाठी ते केलं ते पाहिलं तर बरोबर, पण लहान मुलाच्या मनावर त्याचं काय होऊ शकतं हे पाहिलं तर चूक.

आपल्याकडे या दोन वाक्यांतलं पहिलंच घेतलं जातं. डॉक्टर झाल्या ना, मग झालं. मला वाटतं, मूल घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाने दुसरं वाक्य जवळ ठेवावं. शाळेत मारणाऱ्या मास्तरापासून मूल घरी पळून येऊ शकतं. घरीच शिकणाऱ्या मुलाला पळून जायला घर उरत नाही.

आता थोरलीबद्दल, कारण हे लिहायचं निमित्त तीच आहे.

गेल्या मार्चमध्ये कागद नवा करायच्या दिवशी तिने चार ओळींखाली पाचवी लिहिली. जूनपासून शाळेत जायचं. मी विचारलं, कंटाळा आला का? नाही म्हणाली. घरी काही चुकतंय का? नाही. "मला मुली पाहिजेत, आई. रोज त्याच. डबा खायला." पोहायला, चित्रकलेला भेटणाऱ्या मुली तासाभराच्या असतात. तिला दिवसभराच्या हव्या होत्या.

माझ्या मनात तिची दहावी एनआयओएसमधून व्हायची होती. तिचे विषयसुद्धा मनात ठरलेले होते, चित्रकला त्यात होती, कारण तिथे ती दहावीला विषय म्हणून घेता येते. पण हे फ्रिजवर कधीच नव्हतं. आणि कागदावर नाही त्यावर भांडायचं नाही, हा नियम मुलांना माझ्याइतकाच पाठ आहे. मी सुचवलं. एकदा विनवलंही. नवरा म्हणाला, "अगं, आपण तिला इतकी वर्षं काय शिकवलं? स्वतःचं स्वतः ठरव म्हणूनच ना?" त्या आठवड्यात त्याची थर्ड शिफ्ट होती, डोळे लाल होते, आणि तो हे अगदी शांतपणे बोलला.

शिवाय वेळ मोजकी होती. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुरूप प्रवेशाची तरतूद आहे. शाळेत कधी न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला खास शिकवणी मिळण्याचा हक्क. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. ती तेराची, म्हणजे आठवीत सरळ जाऊन बसायचं हेच वर्ष. पुढच्या वर्षी विचार करू, असं म्हणणं म्हणजे गोड शब्दांत नाही म्हणणं झालं असतं.

जूनपासून ती आठवीत जाते. गणितात पुढे आहे, हिंदीत बरीच मागे. पहिल्या महिन्यात तिला सगळ्यात अवघड गेलं ते मधेच लघवीला जायला परवानगी मागणं. आणि तास संपला की चालू गणित सोडून वही मिटणं. "घंटा झाली की डोक्यातलंपण बंद करायचं असतं का?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, बाईंना विचार.

तिची सत्रपरीक्षा झाली तेव्हा मी मार्क विचारले नाहीत. तिने संध्याकाळी आपणहून सांगितले. हिंदीत सदतीस. मग म्हणाली, हिंदीच्या बाई म्हणाल्या रोज एक पान वाच, तर मी वाचणार आहे, तू आठवण करू नकोस. मला बरं वाटलं. माझ्या हातून एक अपेक्षा कमी झाली आणि तिच्या हातात एक आली.

शेजारची ती होमवर्कवाली बाई परवा फ्रिजसमोर उभी राहून कागद वाचत होती. आता तिथे दोन कागद आहेत. धाकट्याच्या कागदावर अजून चार ओळी. थोरलीच्या कागदावर दोनच, तिने स्वतः लिहिलेल्या. रविवारची आमटी आणि भात माझा. अभ्यासाचं मी आणि बाई बघू.

"आणि हे चालतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

रविवारची आमटी जरा खारट असते. टॉलरन्समध्ये आहे.